घोड्यावरचा गुराखी

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरी लागते. तिथून आत वळले की आमचे देवळाली प्रवरा. दिवाळी झाली की या भागातून धनगरांचे वाडे जाताना दिसतात. पुढे मेंढरांचा कळप, बाजूला कुत्री आणि मागे दोन-चार घोडी. घोडीच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड बांधलेले असते: भांडीकुंडी, घोंगड्या, वाघरीची जाळी, आणि त्यावर एखादे दोन दिवसांचे कोकरू.

असाच एक वाडा चालला होता. माझ्यासोबत वर्गातला एक विद्यार्थी होता. तो म्हणाला, "सर, सिनेमातले ते मोठ्या टोपीचे अमेरिकन गुराखी घोड्यावर बसून गाई वळतात. आपल्याकडे घोडी आहे, गाई आहेत, पण आपला गुराखी मात्र पायीच. असं का?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले. त्या शोधात जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली मौज अशी, की अमेरिकेत मुळात ना गाय होती ना घोडा. घोडा तिथे फार प्राचीन काळी होता, पण हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाला. कोलंबस 1493 साली दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याने जहाजातून घोडे आणि गुरे नेली. पुढे मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी मोठमोठी कुरणे केली. तिथल्या घोडेस्वार गुराख्याला ते 'वाकेरो' म्हणत, म्हणजे गाईवाला. गुरे राखण्याच्या अशा विस्तीर्ण जागेला 'रँच' हे जे नाव आहे, तेही स्पॅनिश भाषेतूनच आले. फासा टाकण्याचा दोर, खोगिराच्या पुढे उभी असलेली खुंटी, हे सगळे उत्तरेकडचे गोरे गुराखी या वाकेरोंकडून शिकले.

टेक्सास प्रांतात 1865 सालापर्यंत लांब शिंगांची लाखो गुरे मोकाट वाढलेली होती. यादवी युद्ध संपले, उत्तरेत मांसाला भाव आला, आणि ही गुरे रेल्वेपर्यंत हाकत नेण्याचा धंदा सुरू झाला. कॅन्सस प्रांतात ॲबिलीन या गावी 1867 साली गुरांचा रेल्वेतळ झाला. दोन-तीन हजार गुरांचा एक तांडा आणि त्याला दहा-बारा माणसे! त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पुष्कळ असत. रोज पाच-सहा कोस मजल. प्रत्येक गड्यामागे पाच-सहा घोडी, कारण एक घोडे दिवसभर हे काम करू शकत नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. आपल्याकडे एका शेतकऱ्याची जनावरे किती? दोन बैल, एक-दोन गाई, एखादी म्हैस. प्रत्येकीला नाव आहे, बैलाच्या नाकात वेसण आहे, गाईच्या गळ्यात दावे आहे. चारही बाजूंना उभी पिके. तिथे घोडा घालायचा कुठे? आपली सारी विद्या एकेक जनावर ओळखण्याची. तिकडच्या गड्याला दोन हजारांतले एकेक ओळखणे शक्य नाही. त्याला सबंध कळपाचा स्वभाव ओळखावा लागतो, आणि तोही दोराला हात न लावता. ही त्याची विद्या. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मोकळ्या कुरणांचे ते दिवस फार टिकले नाहीत. जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने 1874 साली काटेरी तारेचे पेटंट घेतले. तार स्वस्त, लावायला सोपी. पाहता पाहता कुरणांना कुंपणे पडली. पुढे 1886-87 चा हिवाळा इतका कडक आला, की उत्तरेच्या कुरणांवर गुरे बर्फात उभ्या उभ्या मेली. त्यानंतर गुरे मोकाट सोडून देण्याचा काळ संपला. कुंपण आले, चाऱ्याची साठवण आली, जातीची निवड आली. आपल्या गायरानांचे काय झाले हे मी सांगायला नको. कालवा आला, ऊस आला, गायरान आटले. तिकडे तारेने जे केले ते इकडे पाटाच्या पाण्याने केले, इतकाच फरक.

जातीच्या निवडीची गोष्ट मात्र आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचते. टेक्सासात युरोपातून आणलेली दुधाळ, मांसल गुरे जगेनात. एक तर उष्मा, आणि दुसरे म्हणजे ताप. लघवी लाल व्हायची आणि जनावर चार दिवसांत जायचे. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबर्न या दोघा शास्त्रज्ञांनी 1893 साली सिद्ध केले, की हा रोग गोचीड पसरवते. एखादा किडा चावून जनावराला रोग देतो हे तेव्हा पहिल्यांदा शास्त्राने दाखवले. आपल्या देशात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले ते त्यानंतर चार वर्षांनी, 1897 साली.

मग टेक्सासवाल्यांची नजर वळली ती हिंदुस्थानाकडे. आपली वशिंडाची गाय! अंगावर आखूड केस, सैल कातडी, लोंबती पोळी, घामाने अंग थंड ठेवण्याची ताकद. गोचीड तिला धरते, पण दमवू शकत नाही. पिअर्स रँचचे बॉर्डन नावाचे गृहस्थ 1906 साली हिंदुस्थानात आले आणि इथली गुरे घेऊन गेले. काही गुरे ब्राझीलमार्गेही तिकडे पोचली. या सगळ्यांतून 'ब्रॅह्मन' नावाची अमेरिकन जात तयार झाली आणि 1924 साली तिच्या पैदासकारांचा संघ निघाला. तिच्यात सौराष्ट्राची गीर आहे, गुजरातची कांक्रेज आहे, आंध्राची ओंगोल आहे आणि, श्रोतेहो, आपल्या कृष्णाकाठचे रक्तही आहे. सांगलीकडच्या संस्थानिकांनी काळ्या चिकण रानात नांगर ओढण्यासाठी जोपासलेली ही कृष्णाकाठची जात. आज ती खुद्द कृष्णेच्या काठी विरळ झाली आहे.

टेक्सासचा किंग रँच 1853 सालचा. तिथे 'सांता गर्ट्रुडिस' नावाची जात निघाली आणि 1940 साली तिला सरकारी मान्यता मिळाली. जुन्या हिशेबाने सांगायचे तर तिच्यात दहा आणे रक्त विलायती शॉर्टहॉर्नचे आणि सहा आणे ब्रॅह्मनचे. आता आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेली 'फुले त्रिवेणी' पाहा: आठ आणे होल्स्टीन, चार आणे जर्सी, चार आणे गीर. त्यांनी आपली गाय नेली ती ऊन आणि गोचीड सोसण्यासाठी. आपण त्यांची गाय आणली ती दुधासाठी. त्यांना जे हवे होते ते आपल्याकडे होते, आपल्याला जे हवे होते ते त्यांच्याकडे. आणि म्हणूनच दुधाळ संकरित गाय आपल्या गोठ्यात उन्हाळ्यात धापा टाकते, गोचीडतापाने पडते, तेव्हा आश्चर्य वाटायला नको. टेक्सासात सव्वाशे वर्षांपूर्वी हेच झाले होते.

आता त्या विद्येकडे येतो. त्याआधी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही बरे वाटत नाही.

मी नववीत होतो. आमच्या घरी सर्जा नावाचा बैल होता. खुरात जखम झाली म्हणून त्याला टेंपोत घालून दवाखान्यात न्यायचे ठरले. भर दुपार. टेंपो उजेडात उभा, आतून काळाकुट्ट. फळी लावली, तिची सावली जमिनीवर आडवी पडलेली. सर्जा फळीपाशी आला आणि थांबला. दोघांनी कासरा ओढला, एकाने शेपूट पिळली, मी मागून आरडाओरडा केला, आणि शेवटी तुतारी टोचली. तो एकदम उसळला, फळीवरून घसरला, आणि पुढचा पाय मोडला. सर्जा पुन्हा उभा राहिला नाही. वडील त्या रात्री जेवले नाहीत. मला कोणी रागावले नाही. सगळे म्हणाले, बैलच हट्टी होता.

तो हट्टी नव्हता. हे मला वीस वर्षांनी कळले, टेंपल ग्रँडिन या अमेरिकन विदुषींचे लेखन वाचताना. या बाई 1947 सालच्या. लहानपणी बोलायला उशीर झालेल्या, स्वमग्न म्हणून ओळखल्या गेलेल्या. त्यांनी गुरांच्या वाटेत स्वतः खाली वाकून, गुरांना काय दिसते ते पाहिले. रँचवरच्या जाणत्या गड्यांना जे अनुभवाने माहीत होते, ते त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे तिला मान न वळवता जवळजवळ सभोवार दिसते. दिसत नाही ते फक्त नेमके पाठीमागचे. मात्र खोलीचा अंदाज तिला आपल्यासारखा येत नाही. जमिनीवरची आडवी सावली तिला खड्ड्यासारखी भासते. लख्ख उजेडातून अंधारात पाय टाकायला ती धजत नाही. अंधारातून उजेडाकडे मात्र सहज जाते. किंचाळण्याचा, पत्रा वाजल्याचा आवाज तिला आपल्यापेक्षा फार बोचतो. आता सर्जाचा विचार करा. पुढे खड्डा, त्यापुढे काळोख, आणि जिथे त्याला दिसत नाही अशा ठिकाणी उभा राहून ओरडणारा मी.

घोड्यावरचा गुराखी काय करतो? प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असते. आपण त्याला बुजण्याचे अंतर म्हणू. रिंगणाबाहेर उभे राहा, जनावर वळून तुमच्याकडे पाहते. कडेवर पाऊल टाका, ते चालू लागते. एकदम आत घुसा, ते उधळते. रानात वाढलेल्या जनावराचे रिंगण मोठे, दावणीच्या गाईचे हातभर. दुसरी खूण खांद्याची. खांद्याच्या मागे उभे राहून पुढे सरका, जनावर पुढे चालते. खांद्याच्या पुढे या, ते थांबते किंवा मागे फिरते. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: जनावर चालू लागताच आपण एक पाऊल मागे घ्यायचे. तेच त्याचे बक्षीस. म्हणणे ऐकले की त्रास थांबतो, हे त्याला लगेच उमगते.

चांगले शिकवलेले घोडे हे स्वारापेक्षाही आधी ओळखते. कळपातून एक वासरू वेगळे काढायचे असेल, तर स्वार फक्त वासरू दाखवून देतो. मग लगाम सैल. वासरू डावीकडे झेपावले की घोडे डावीकडे, उजवीकडे वळले की उजवीकडे. फासा टाकून वासरू धरले, की स्वार उतरतो आणि घोडे स्वतःच पाऊल पाऊल मागे सरून दोर ताठ ठेवते. दोराचे दुसरे टोक खोगिराच्या खुंटीला. आज तिकडे मोटारगाड्या आल्या, ऑस्ट्रेलियात तर हेलिकॉप्टरने गुरे वळतात; तरी खडकाळ रानात आणि आजारी जनावरापाशी घोडे अजून लागतेच, कारण ते आवाज करीत नाही.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, आमच्याकडे ना रँच, ना घोडे. हे ऐकून आम्ही काय करावे? तर आता आपल्या भागातच पाहा. नगर जिल्ह्यात ठिकठिकाणी मुक्त संचार गोठे झाले आहेत. दावण गेली, गाई तारेच्या किंवा पाइपच्या कुंपणात मोकळ्या फिरतात. म्हणजे आपणही न कळत लहानसा रँचच केला आहे! पण दावे सुटले तरी आपल्या हातातली काठी सुटलेली नाही. मोकळी गाय हाकायची रीत आपल्याला कोणी शिकवली नाही. दूध काढायच्या वेळी आरडाओरडा होतो, गाय घाबरते, आणि घाबरलेली गाय पान्हा चोरते. हे आमच्या आजीला ठाऊक होते. शास्त्र सांगते, भीतीने अंगात जे द्रव्य उसळते ते पान्हा अडवते. मारलेल्या काठीची किंमत संध्याकाळच्या किटलीत दिसते.

म्हणून चार गोष्टी सांगतो. गाय टेंपोत चढवायची असेल तर टेंपोच्या आत उजेड करा, फळीवर माती आणि पाचट पसरा, सावली पडेल अशी आडवी वस्तू बाजूला करा. एकटे जनावर नेऊ नका. सोबत तिच्या ओळखीची दुसरी गाय जवळ उभी करा. नेमके पाठीमागे उभे राहू नका. किंचित बाजूला, तिला दिसाल असे उभे राहा. आणि थांबली तर तिला पाहू द्या, हुंगू द्या. दोन मिनिटे जातात, पाय वाचतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेशेजारच्या एखाद्या गोठ्यात मुलांना घेऊन जा. मालकाच्या देखत एका मुलाला गरीब गाईच्या खांद्यामागे, पाच-सहा हात दूर उभे करा. हळूच एक पाऊल पुढे टाकायला सांगा. गाय चालली की एक पाऊल मागे. काठी नाही, ओरडणे नाही. मुलांचे डोळे कसे मोठे होतात ते पाहा. पुस्तकातल्या दहा पानांनी होणार नाही ते त्या एका पावलाने होते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले. तो शेतकऱ्याचाच मुलगा. दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाला, "सर, आमची कालवड खोड्यात जात नव्हती. मी काठी ठेवून दिली आणि बाजूला उभा राहिलो. गेली की हो!"

सर्जाच्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. आपल्याला आता ठाऊक झाले.