घरच्या कुंडींतील दंवबिंदु

तुळस, मोगरा, अबोली यांची उत्तम निगा राखणाऱ्या हातांसही दंवबिंदु सहसा वश होत नाहीं. इतर झाडांस जें पथ्य, तेंच यास अपथ्य. शेणखत, विहिरीचें पाणी आणि सकस काळी माती देऊन हें रोप मोठ्या प्रेमानें मारल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आहेत.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धांत दंवबिंदु उगवतो. तेथील ‘बर्मनी’ जातीचें रोप रुपयाच्या नाण्याएवढें, जमिनीस चिकटलेलें. पानांवर तांबूस केस असून प्रत्येकाच्या टोकास चिकट रसाचा थेंब असतो. ऊन चढलें तरी हें दंव सुकत नाहीं. ‘ड्रॉसेरा’ या शास्त्रीय नांवाच्या मुळाशीं असलेल्या ग्रीक शब्दाचाही अर्थ दंवानें भिजलेला असाच आहे. एवढ्या दूरच्या दोन भाषांस एकच कल्पना सुचावी, ही मौजच!

सड्यावरील मातींत नत्र अत्यल्प. ती उणीव दंवबिंदु किड्यांवर भागवितो. थेंबास चिलट चिकटलें, कीं आसपासचे केस त्यावर वांकतात आणि पाचक रस सुटतो. चार्ल्स डार्विन यांनीं १८७५ सालीं कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मिलिग्रॅमच्या सहस्रांशाहूनही हलक्या मानवी केसाच्या तुकड्यानें हा केस वांकतो, असें त्यांस आढळलें. पुढें १८७८ सालीं त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनीं, भक्ष्य मिळालेल्या रोपांस बीं अधिक धरतें, हें प्रयोगानें दाखविलें.

तुळशीशेजारीं हा मांसाहारी कशास, असें घरांतील वडील मंडळी विचारतीलच. समईच्या ज्योतीवरही पतंग मरतात. म्हणून कोणी समई मालवीत नाहीं. शिवाय दंवबिंदु आपलें अन्न इतर झाडांप्रमाणें सूर्यप्रकाशांतच तयार करतो. किडा ही केवळ नत्राची भर. ती नसली तरी रोप जगतें, वाढ मात्र मंदावते. तेव्हां मुलांनीं मुद्दाम किडे धरून घालण्याचें कारण नाहीं. पनीराचे वा अंड्याचे तुकडे तर नकोतच. त्यांवर बुरशी येऊन पान सडतें.

आतां लागवड. कासहून रोप उपटून आणूं नये. तें पठार २०१२ पासून जागतिक वारशांत गणलेलें आहे. आणि बर्मनी बहुधा वर्षायु असल्यानें बीं पडण्यापूर्वीं उपटलेलें रोप म्हणजे पुढील वर्षाचीं अनेक रोपें बुडालीं. हौशी बागवानांकडे बीं मिळतें, तें आणावें. नवख्यानें दक्षिण आफ्रिकेंतील ‘कापेन्सिस’ ही लांब पानांची जात घ्यावी. ती बहुवर्षायु आणि सोशिक आहे.

कुंडी प्लास्टिकची घ्यावी. भाजक्या मातीच्या कुंडींत क्षार सांचतात. तींत पीट मॉस आणि स्वच्छ धुतलेली गारगोटीची वाळू समभाग घालावी. खत चिमूटभरही नको.

पाण्याविषयीं मात्र तडजोड चालत नाहीं. नळाच्या वा विहिरीच्या पाण्यांतील क्षार मातींत सांचत जातात, आणि कांहीं महिन्यांनीं रोप काळवंडतें. पावसाळ्यांत पहिल्या कांहीं सरींनीं छप्पर धुऊन निघाल्यावर पाणी धरून झांकून ठेवावें. तें संपल्यास ऊर्ध्वपातित पाणी आणावें. कुंडी थाळींत ठेवून थाळींत बोटाच्या एका पेराइतकें पाणी असूं द्यावें. वरून ओतल्यास पानांवरील रस धुऊन जातो.

सकाळचें चार-पांच तास ऊन हवें. वैशाखांतील माध्यान्हीचें मात्र टाळावें. पानें हिरवीं राहून थेंब दिसेनासे झाले, तर बहुधा उजेड अपुरा आहे असें समजावें. पाणी वाढवूं नये.

बीं धुळीसारखें बारीक असतें. तें ओल्या मातीवर नुसतें भुरभुरावें, वर माती लोटूं नये. उजेडाविना तें रुजत नाहीं. तीन-चार आठवडे कुंडी रिकामीच दिसेल. तेवढ्यांत कोणी तींत कोथिंबीर पेरणार नाहीं, इतकें मात्र घरांत सांगून ठेवावें.