बंदुकीचा हक्क नव्हे, नियम तीन

अत्याचाराची मोठी घटना घडली की निषेध सभेत एक मागणी हमखास होते. "आम्हाला बंदुकीचे परवाने द्या!" टाळ्या पडतात. निवेदनात ही मागणी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर लिहिली जाते, निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना दिले जाते, फोटो निघतो आणि विषय तिथेच संपतो. आमच्या केळापूर तालुक्यातील शिकलेली मुले आता त्यापुढचा प्रश्न विचारतात. अमेरिकेच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, मग आपल्या घटनेत का नाही? शस्त्र हिरावून घेतल्यामुळेच शूद्र-अतिशूद्रांना बंड करता आले नाही, हे बाबासाहेबांनीच लिहिले ना? मग घटना तयार करताना त्यांनी हा हक्क का दिला नाही?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घोषणेने नव्हे, कागदपत्रे उघडून दिले पाहिजे.

जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी विचारले होते, की या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही? चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला शस्त्रही दिले नाही आणि शिक्षणही दिले नाही, हे त्यांचे उत्तर होते. हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. जे फारसे वाचले जात नाही ते डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दिवसांतले घटना समितीचे कामकाज. आजच्या कलम १९ चा मसुदा तेव्हा चर्चेला होता. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. कामत हे आपल्याच तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडचे सभासद. १९३१ च्या कराची काँग्रेसने हा हक्क मान्य केला होता, हा त्यांच्या बाजूचा मोठा आधार. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, हा राग सगळ्या राष्ट्रीय चळवळीत होता आणि तो खोटा नव्हता.

बाबासाहेबांनी ही दुरुस्ती नाकारली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : परक्या सरकारविरुद्धची मागणी वेगळी आणि आपले राज्य चालवणे वेगळे. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावे असे झाले तर राज्य चालणार कसे? शस्त्र हा मूलभूत हक्क झाला तर चोर, खिसेकापू आणि गुन्हेगारही तोच हक्क सांगत उभे राहतील. आग्रह धरायचा तर तो शस्त्राच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरा. देशावर संकट आले तर राज्याने प्रत्येक नागरिकाला शस्त्र उचलायला बोलवावे आणि त्याने ते उचलावे. त्याची तरतूद मसुद्याच्या कलम १७ मध्ये केलेली आहे.

मसुद्याचे कलम १७ म्हणजे आजचे कलम २३. आपले लोक हे कलम वेठबिगारीविरुद्धचे म्हणून ओळखतात. त्याचा दुसरा खंड वाचा. सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकते, मात्र ती लादताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. १९३६ ची तक्रार आणि १९४८ चे उत्तर इथे एकमेकांना भेटतात. बाबासाहेबांची तक्रार शस्त्र कमी असल्याची कधीच नव्हती. शस्त्र जन्मावरून वाटले गेले, ही त्यांची तक्रार होती. ही मक्तेदारी मोडायची तर बंदुका बाजारात आणून चालत नाही. जातीच्या गावात बाजार उघडला की बंदूक कोण घेणार? ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि ठाण्यात ओळख आहे तोच. म्हणून त्यांनी शस्त्र राज्याच्या हाती ठेवले आणि राज्याचे दार सर्व जातींना उघडले.

हे दार त्यांच्या घराण्याला परिचयाचे होते. त्यांचे वडील सुभेदार रामजी सैन्यातले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत महार सैनिक लढले आणि त्याच महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात लढवय्या जातींचा सिद्धांत पुढे करून बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात उभी केलेली महारांची पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. गावाच्या राखणीची काठी महाराच्या हाती चालत होती, पण त्याच्या अंगावर गणवेश चालत नव्हता. ज्या माणसाने हे पाहिले त्याला परवान्याच्या बंदुकीपेक्षा गणवेश का मोठा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

घटनेत शस्त्राची मुभा एकाच ठिकाणी आहे. कलम २५ च्या स्पष्टीकरणात शिखांचे कृपाण हा धर्माचा भाग मानला आहे. बाकी सर्वांसाठी १९५९ चा शस्त्र कायदा. त्यातही जन्मावरून मिळालेली सूट शिल्लक आहेच. कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडवा वंशाचे लोक आणि जम्मा जमिनीचे धारक यांना काही बंदुकांसाठी परवाना लागत नाही. ही इंग्रजांच्या काळची सवलत केंद्र सरकारने २०१९ मध्ये २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. वंश आणि जमीन ही दोन निमित्ते लक्षात ठेवा. दोन्ही आपल्या वाट्याला कधी आली नाहीत.

न्यायालयांत हा वाद अधूनमधून उठतो. जगण्याच्या हक्कात, म्हणजे कलम २१ मध्ये, शस्त्राचा हक्क येतो असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ साली एका निकालात म्हटले होते. ते टिकले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनेने कोणालाही दिलेला नाही.

आता त्या अमेरिकेचे पाहू. तिथली दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. हा हक्क नागरी सेनेसाठी आहे की एकेका माणसासाठी, यावर तिथे दोनशे वर्षे वाद चालला. २००८ च्या हेलर खटल्यात तो एकेका माणसाचा आहे असा कौल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. पण काळ्या माणसाचे काय? १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिक का मानता येत नाही याची जी कारणे दिली, त्यात एक हेही होते, की मानले तर ते कुठेही शस्त्र घेऊन फिरू शकतील! गुलामगिरी संपली आणि दक्षिणेतील राज्यांनी काळ्यांना निःशस्त्र करणारे कायदे केले. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. कायद्यात बसणाऱ्या भरलेल्या बंदुका घेऊन ते पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणली. गव्हर्नर रेगन यांनी त्यावर सही केली. घटनेतला हक्क तोच होता, फक्त हात बदलले होते. आपल्या पँथरांनी १९७२ मध्ये नाव तिथून घेतले, बंदूक घेतली नाही. तो भित्रेपणा नव्हता.

मग आमच्या वस्तीने मार खात राहायचे काय? नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंड संहितेत होता, आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना मारायला जमावाला बंदूक लागली नाही. महाराष्ट्रातल्या गावाचे हत्यार संख्या हे आहे. एका घरात एक परवान्याची बंदूक असती तर तिने जमाव किती वेळ थांबवला असता? आणि ती उडाली असती तर दुसऱ्या दिवशी खुनाचा गुन्हा कोणावर दाखल झाला असता? कोर्टात क्रॉस केस पाहिलेल्या कोणत्याही वकिलाला विचारा. शिवाय परवान्याच्या अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. जे ठाणे आपली फिर्याद घ्यायला टाळाटाळ करते, तेच आपल्या बंदुकीवर अभिप्राय देणार!

बाबासाहेबांनी शस्त्र राज्याच्या हाती दिले ते राज्य आपले रक्षण करील या अटीवर. ही अट कायद्यात लिहिलेली आहे आणि ती वाचलीच जात नाही, हे आमचे खरे दुखणे आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम काढा आणि नियम ३ वाचा. जिथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा होण्याची भीती आहे असे क्षेत्र राज्य सरकारने निश्चित करायचे. तिथे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी जाऊन आढावा घ्यायचा. गरज वाटल्यास त्या क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे आणि नोकरांचेही शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि त्यानंतर, गरज वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे.

नियमातला क्रम पाहा. आधी त्यांची बंदूक काढा, मग आमच्या हाती द्यायची की नाही ते ठरवा. सभेत आपण हा क्रम उलटा करतो आणि शेवटच्या मागणीने सुरुवात करतो. पहिली मागणी कोणाच्या लक्षातही राहत नाही, आणि प्रस्थापितांना हेच सोयीचे आहे. आमच्या हाती दहा बंदुका देणे त्यांना जड जाणार नाही, त्यांच्या शंभरांतली एक जमा करायला सांगा, मग पाहा!

केळापुरात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. गोंड, परधान यांची गावे आहेत, कोलामांचे पोड आहेत. कापूस, तुरीच्या शेतात रानडुक्कर आणि रोही येतात म्हणून माणसे रात्री जागलीला जातात, हातात काठी आणि टॉर्च घेऊन. नोव्हेंबर २०१८ मध्ये पांढरकवडा वन विभागात अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. मेलेली माणसे गुराखी आणि शेतकरी होती, बंदूक मात्र बाहेरून बोलावलेल्या शिकाऱ्याच्या हातात होती. वास्तविक पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ स्पष्ट सांगते. ज्याला हवा त्या आदिवासी शेतकऱ्याने अर्ज जरूर करावा आणि नकार आला तर लेखी कारण मागावे.

चळवळीच्या कार्यकर्त्यांनी मात्र काम सुरू करावे ते जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीपासून. नियम १७ प्रमाणे तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे आणि अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. शस्त्र परवाने देणारे आणि रद्द करणारे अधिकारीही तेच. म्हणजे अत्याचाराची यादी आणि परवान्यांचे रजिस्टर एकाच टेबलाच्या दोन खणांत आहे. माहिती अधिकारात विचारा : तालुकानिहाय किती परवाने आहेत? त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती? ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदलेल्या किती आरोपींकडे परवाना आहे आणि त्यांतले किती निलंबित केले? नियम ३ खाली जिल्ह्यात कोणते क्षेत्र निश्चित केले, कोणत्या तारखेला? केले नसेल तर तसे लेखी द्या. ते उत्तर पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. समितीवर आपले जे सदस्य आहेत त्यांनी हे काम चहाच्या कपाआधी करावे.