मेनरोडचे सौंदर्य आणि फरशीखालचा नाला

सिंहस्थ जवळ येऊ लागला की नाशिकच्या जुन्या गावठाणाच्या कायापालटाची भाषा सुरू होते. २०१६ च्या सप्टेंबरात नाशिकची निवड केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत झाली, तेव्हाही गावठाणाचा पुनर्विकास हा त्या आराखड्याचा महत्त्वाचा भाग होता. ती योजना २०२५ च्या मार्चअखेर संपली. मेनरोड, सराफ बाजार, दहीपूल या भागांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र संपलेला नाही. चित्रातल्या मेनरोडवर एकसारख्या पाट्या, दगडी फरशी आणि नक्षीदार दिवे असतात. माणसे विरळ असतात. प्रत्यक्षातल्या मेनरोडवर गर्दीमुळे फरशी दिसणारच नाही, हे चित्रकाराच्या ध्यानात आलेले नसावे.

ही गर्दी का होते, याचा विचार आधी करावयास हवा. दिंडोरी, सिन्नर, निफाडकडचे एखादे कुटुंब लग्नाचा बस्ता बांधावयास नाशकात येते. कापड घेतले की ते सराफाकडे वळते, तेथून भांडीबाजारात जाते, जाता जाता बोहरपट्टीत किरकोळ जिन्नस पाहते आणि रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला हात जोडून परतते. हे सारे पायी, एका फेरीत होते. नाशिकची तांब्यापितळेची भांडी एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरनेही नोंदण्याजोगी मानली होती. तांबट आळीचे नाव त्याच व्यवसायाचे. पेशवेकालीन सरकारवाडा सराफ बाजाराला लागून उभा आहे. सांगावयाचे ते इतकेच की, या बाजाराचे सामर्थ्य एकेका दुकानात नसून दुकानांच्या शेजारात आहे. एक धंदा उठला की शेजारच्या चार धंद्यांचे गिऱ्हाईक कमी होते. म्हणूनच पुनरुज्जीवनाच्या नावाखाली येथील लहान दुकानदार वर्षभर धूळ खात बसला आणि शेवटी गाळा सोडून गेला, तर सुशोभित रस्ता उरेल, बाजार उरणार नाही.

आता फरशीच्या खाली काय आहे ते पाहू. दहीपुलावरून रोज हजारो माणसे जातात, पण आपण पुलावरून जात आहोत हे फार थोड्यांना जाणवते. कारण खालचा सरस्वती नाला बंदिस्त झालेला आहे. तो डोळ्यांआड झाला, पण त्याने वाहणे सोडलेले नाही. मोठा पाऊस झाला की गावठाणाच्या उंचवट्यांवरचे पाणी या नाल्याकडे धावते. त्याच वेळी गोदावरीला पूर असला तर नाल्याचे तोंड दाबले जाते आणि पाणी उलट सराफ बाजारात शिरते. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर येथील दुकानदारांना सांगावे लागत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, छातीला पाणी लागले, अशी बातमी आली की सराफ बाजारात माल वर चढविण्याची धांदल सुरू होते. भरीस भर म्हणून आपली डांबरीकरणाची रीत अशी की, जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवावयाचा. रस्ता वर्षानुवर्षे वर येतो आणि उंबरे खाली जातात. पुढे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याची पातळी उतरविण्याचा विचार निघतो, तेव्हा दुकानाच्या पायऱ्या अधांतरी लोंबणार म्हणून दुकानदार हरकत घेतो. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. चूक आहे ती उंबऱ्यांची आणि उताराची मोजणी आधी न करता रस्त्याला हात घालण्यात. नाल्याच्या दुरुस्तीवर कोनशिला बसविता येत नाही, हे त्या दुरुस्तीचे मोठेच दुर्दैव म्हणावयाचे!

परदेशांतील आणि अन्य शहरांतील उदाहरणे हल्ली वारंवार दिली जातात. कोपनहेगनमधील स्ट्रॉइएट हा सुमारे १.१ किलोमीटरचा बाजाररस्ता १९६२ साली वाहनांना बंद झाला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही धंदा बुडेल अशी ओरड केली होती. धंदा बुडाला नाही. मात्र तो बदल आरंभी प्रयोग म्हणून झाला आणि १९६४ मध्ये कायम करण्यात आला, हे आपण विसरतो. आपल्याकडे अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जवळपास तेवढ्याच लांबीचा स्मार्ट रस्ता २०१८ मध्ये खोदावयास घेतला आणि मुदतवाढीमागून मुदतवाढ होत तो रेंगाळला. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी आहे आणि मालाची चढउतार रात्रीवर ढकलली आहे. बंदी मोडणारे तेथेही निघाले, तरी बाजार उठला नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर त्याच वर्षापासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. एका दिवसाचा का होईना, तो प्रयोग आहे. मेनरोडवर असा प्रयोग करावयास एक फरशीही बदलावी लागणार नाही.

दुसरा प्रश्न वरच्या मजल्यांचा. खाली झगझगीत दुकान आणि वर टेकू दिलेला वाडा, हे दृश्य आता आपल्या अंगवळणी पडले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. भाडेकरू जागा सोडीत नाही, मालक दुरुस्ती करीत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. मूळ भाडेच जेथे नाममात्र आहे तेथे त्या वाढीतून सागवानी तुळई बदलता येत नाही, हे कोणत्याही कारकुनाला कागदावर मांडून दाखविता येईल. दर्शनी भिंत रंगवून हा प्रश्न झाकता येतो, सोडविता येत नाही. आणि रस्त्यावरचा फेरीवाला? २०१४ च्या कायद्याने त्याची पाहणी, नोंदणी आणि नगर विक्रेता समिती बंधनकारक केली आहे. तो अडथळा खराच. पण ज्या शिक्षकाला वा विद्यार्थ्याला दुकानातला भाव परवडत नाही, त्याची दिवाळी याच अडथळ्यावर होते. प्रस्तुत लेखकाचीही कित्येक वर्षे तशीच झाली आहे.

तेव्हा काम हाती घ्यावयाचेच तर ते नाल्यापासून वर यावे : आधी सरस्वतीची वहनक्षमता, मग उतार, मग उंबरे, वाहिन्या, आणि सर्वांत शेवटी फरशी. खोदाई कोणत्या महिन्यात करावयाची, हेही कंत्राटातच लिहिलेले असावे. पावसाळा, दिवाळी आणि लग्नसराई वगळली तर मोकळा सापडतो तो पौष. त्या एका महिन्यात साऱ्या बाजाराचे काम होणार नाही हे उघड आहे. म्हणून एका वेळी शंभर पावलांचाच तुकडा उघडावा, तो बुजविल्याखेरीज पुढच्याला हात लावू नये, आणि बुजविण्याची तारीख त्या तुकड्यातील प्रत्येक दुकानदाराच्या व नोंदणी झालेल्या फेरीवाल्याच्या हाती लेखी द्यावी.