अर्धांगवायूनंतरची चाल आणि पायाचा स्प्लिंट

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस चालू लागला की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. पाऊल उचलले तरी चवडा खालीच लोंबतो, बोटे जमिनीला घासतात. ती घासू नयेत म्हणून रुग्ण कंबर वर खेचतो आणि सबंध पाय विळा फिरवावा तसा बाहेरून गोल फिरवून पुढे टाकतो. मूळ दोष पायात नसून मेंदूत असतो. पाऊल उचलणाऱ्या नडगीपुढच्या स्नायूला हुकूम पोहोचत नाही, आणि पोटरी मात्र आखडून पाऊल खाली ओढते.

अशा वेळी घोटा साधारण काटकोनात धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट देतात. डॉक्टरी भाषेत त्याला एएफओ म्हणतात. पोलिओच्या रुग्णांना देत तो लोखंडी कॅलिपर हा नव्हे. पोटरीमागून उतरून तळव्याखाली जाणारी ही पट्टी बुटात बसते. ती घातली की चवडा अडकत नाही, टाच आधी टेकते आणि त्या पायावर भार देण्याचा धीर येतो. चालण्याचा वेग व तोल सुधारतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. फायदा मुख्यतः स्प्लिंट पायात असेपर्यंतच, चष्म्यासारखा. म्हणून व्यायाम सोडायचा नाही.

"डॉक्टर, पट्ट्याने पाय आळशी होईल ना?" हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी काही रुग्णांना स्प्लिंट लवकर, तर काहींना आठ आठवडे उशिरा देऊन पाहिला. २६ आठवड्यांनंतरच्या तपासणीत, लवकर घातल्याने स्नायू दुबळा झाल्याचे आढळले नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र लवकर घालणारे जास्त वेळा पडले, आणि त्यांतले बरेचसे प्रसंग स्प्लिंट पायात नसताना घडले.

आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. घरात आपण अनवाणी वावरतो आणि नुसता स्प्लिंट फरशीवर घसरतो. अर्नाळ्याच्या एका काकांनी मेडिकलमधून आणलेला स्प्लिंट दोन महिने खुंटीला टांगला होता. तक्रार साधी, बूट चढेना! एक नंबर मोठा बूट घेऊन आतला तळ काढला, उंची सारखी राहावी म्हणून दुसऱ्या बुटात जादा तळ घातला. आता ते काठी घेऊन बाजारापर्यंत जातात. देवघरात अजून अनवाणीच जातात, तेव्हा मुलगा हात धरतो. घरासाठी मागे पट्टा असलेली वेगळी सँडल ठेवावी. रात्री लघवीसाठी भांडे खाटेजवळच असावे.

मेडिकलमधला पातळ स्प्लिंट नुसत्या लोंबणाऱ्या पावलाला चालतो. पोटरी फार आखडली असेल किंवा गुडघा मागे झुकत असेल, तर मापाचा, कडक स्प्लिंट लागतो. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे तपासणी करून घेता येते. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरावे. दिव्यांगांच्या डब्यातून, गर्दीची वेळ टाळून जावे.

स्प्लिंटखाली सुती मोजा हवाच. पावसाळ्यात तो दिवसातून दोनदा बदलावा. काढल्यावर कातडी तपासावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यावा. मधुमेह्यांना बधिरपणामुळे टोचलेले कळत नाही, त्यांचे पाऊल घरच्यांनी रोज पाहावे. आणि माप द्यायला जाताना नेहमीचा बूट बरोबर न्यावा.