मळा हातोहात फिरला, खुरपे तिथेच राहिले

आपल्याला एकरभर जमीन विकायची म्हटली तरी तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. मग शेकडो एकरांचा मळा कोण विकणार आणि कोण घेणार?

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात साखर कारखान्यांचे असे मळे होते. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन तेथे ऊस पिकवला जाई. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यामुळे हे मळे बाजारात गेले नाहीत. सरकारने ते घेतले आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे सोपवले. आजही बारमाही पाण्याची १८ एकर किंवा कोरडवाहू ५४ एकर, एवढीच एका कुटुंबाची मर्यादा आहे.

६ डिसेंबर १९६४ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो जमिनीसाठीच. पुढे खंडकरी शेतकऱ्यांना जमिनी परत मिळाल्या. तो त्यांचा हक्कच होता. पण मळ्यात जन्मभर खुरपणी करणाऱ्या आयाबहिणींचे नाव कोणत्या सातबाऱ्यावर चढले?

म्हणून बांधवहो, हाती वतनाचा तुकडा उरला असेल तर लग्नकार्यासाठी तो विकण्यापूर्वी घरातल्या माउलीला एकदा विचारा. गेलेली जमीन आपल्याकडे परत येत नाही, हे तिला ठाऊक आहे.