सायकलीवरून लोणार

विद्यार्थिमित्रहो, नाताळच्या सुटींत एका दिवसाची सहल कोठें काढावी, असें तुम्ही दर वर्षीं विचारतां. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांत असें एक स्थळ आहे, कीं तें पाहण्यास परदेशचे पंडित येतात. आपल्यांतील पुष्कळांनीं मात्र तें नीट पाहिलेलें नाहीं. तें म्हणजे लोणारचें सरोवर. मेहकरहून सुलतानपूरवरून तें सुमारें 25 किलोमीटर आहे. पहांटे सायकलीवरून निघालें, तर ऊन तापण्यापूर्वीं पोंचतां येतें. बरोबर भाकरी, भरपूर पाणी, पंप व पंक्चर जोडण्याचें सामान असावें. वाटेवरच्या बाभळींचे कांटे सायकलस्वाराची परीक्षा घेतल्यावांचून राहत नाहींत.

सायकलीनेंच कां जावें, तेंही सांगतों. भोंवतालच्या शेतांपेक्षां विवराचा कांठ सुमारें 20 मीटर उंच आहे. मोटारींत ही चढण ध्यानांतही येत नाहीं. सायकलस्वाराला ती पोटऱ्या सांगतात. चढण संपते आणि पुढें जमीनच नाहींशी होते. समोर सुमारें 1,800 मीटर रुंदीचा, जवळजवळ वाटोळा, दीडशे मीटरांच्या आसपास खोल असा एक प्रचंड वाडगा दिसतो. त्याच्या उतारांवर दाट झाडी, आणि तळाशीं हिरवट पाणी.

"सर, हा विझलेला ज्वालामुखी ना?" कांठावर उभें राहून माझ्या एका विद्यार्थ्यानें विचारलें. त्याची चूक थोरांचीच होती. अलेक्झांडर नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें 1823 सालीं या स्थळाकडे लक्ष वेधलें. त्यानंतर दीर्घ काळ अनेक भूगर्भशास्त्रज्ञ तसेंच मानीत. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याचाच असल्यामुळें तो तर्क वावगाही नव्हता. परंतु तो लाव्हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा, आणि हें विवर त्या मानानें अगदीं कालचें. एका पद्धतीनें त्याचें वय सुमारें 50 हजार वर्षें भरतें, दुसरीनें सुमारें 5 लाख 70 हजार. मग 1973 सालीं अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनीं येथील खडकांत एक कांचेसारखा पदार्थ दाखवून दिला. प्रचंड आघाताचा दाब बसल्यावांचून तो बनत नाहीं. ज्वालामुखींत उष्णता असते, असा दाब नसतो. आकाशांतून आलेल्या उल्कापाषाणानें हें विवर केलें, हें त्यावरून ठरलें. दीडशे वर्षांचा तर्क दगडाच्या कणांनीं मोडला.

आतां पाण्याकडे वळूं. कांठाजवळ 'धार' नांवाचा गोड्या पाण्याचा झरा आहे, आणि त्याचें पाणी विवरांतच उतरतें. मग तळें खारें कां? घरीं कढईंत मिठाचें पाणी आटवून पाहा. वाफ निघून जाते, मीठ मागें राहतें. लोणारची कढईही तशीच आहे. झरे व पाऊस मातीखडकांतील क्षार विरघळवून खालीं आणतात. पाण्याला बाहेर पडण्यास ओढा नाहीं, नदी नाहीं. ऊन तेवढें पाणी उचलून नेतें आणि क्षार तेथेंच सांचतात. म्हणून तें पाणी खारट आहेच, शिवाय साबणाच्या पाण्यासारखें क्षारधर्मी आहे. पूर्वीं लोक त्यांतून खार काढीत असत. अशा पाण्यांत मासोळी सहसा जगत नाहीं, परंतु सूक्ष्म जीव सुखानें नांदतात; त्याचा हिरवा रंग त्यांचाच. जून 2020 मध्यें पाणी आटून क्षार वाढले, तेव्हां तें गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें, कीं तो रंग अतिखाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा होता.

येथें एक गोष्ट मनांत ठसवून घ्यावी. ज्या तळ्यांतून क्षार बाहेर जात नाहीं, त्यांतून आपली घाण तरी कशी जाईल? साबण, शेतांतील औषधें, गांवचें सांडपाणी, जें जें आंत उतरेल, तें तेथेंच राहील. सन 2000 मध्यें हें अभयारण्य झालें, 2020 मध्यें रामसरच्या जागतिक यादींत आलें. परंतु यादींत नांव आल्यानें तळें राखलें जात नाहीं. तें येणाराजाणाराच्या हातीं आहे. सायकली वर कुलूप लावून ठेवाव्या, उतार पायींच उतरावा, आणि नेलें तेवढें सर्व परत आणावें.

आम्ही कांठावरच जेवलों. एक मुलगा साबण घेऊन डबा घासण्यास विवराकडे वाहणाऱ्या पाण्यापाशीं निघाला. ज्यानें ज्वालामुखीचा प्रश्न केला होता, त्यानेंच त्याचा हात धरला. "अरे, त्या पाण्याला बाहेर वाट नाहीं!" डबा खरकटाच सायकलीला बांधून मेहकरला परत आला. त्या मुलाच्या आईची मीं येथें क्षमा मागतों; परंतु त्या दिवसाचा धडा तोच होता.