मुलानं तोडफोड केली तर...

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांचा राग झटकन उसळतो. त्याला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो.

● आधी इजा टाळा. काचा, कात्री बाजूला करा. मारहाण नकोच, बोलणं राग ओसरल्यावर.

● नुकसान त्यालाच भरून काढू द्या. बहिणीची फाडलेली वही चिकटपट्टीनं जोडणं, भिंतीवरचे डाग घासणं, खाऊच्या पैशांतून थोडा वाटा.

● जबाबदारीची सवय लागावी म्हणून घरातलं रोजचं एक काम पूर्णपणे त्याचं: पाण्याच्या बाटल्या भरणं किंवा कपड्यांच्या घड्या. विसरला तरी तुम्ही उरकू नका.

● स्वतःला किंवा प्राण्यांना इजा, आगीशी खेळ, वारंवार तोडफोड दिसली तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 'टेलि-मानस' (१४४१६) ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मोफत आहे.